डॉक्टर न झालेला डॉक्टरांचा गुरू : सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल

बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले आहे असे सांगितले की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग पुढे काय करणार? डॉक्टर किंवा इंजिनियर होऊ घातलेल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या वर्गातील बहुतेकांना तो ऐकून आता सवय झाली आहे. म्हणूनच ग्रंथालयात संख्याशास्त्राचे एक पुस्तक चाळताना जेव्हा मला कळले की विसाव्या शतकातील वैद्यकाला ज्याने नवे वळण लावले, तो मनुष्य मुळात अर्थशास्त्राचा पदवीधर होता, वैद्यकाची एकही परीक्षा त्याने दिलेली नव्हती, आणि अर्थशास्त्राची ती पदवीदेखील त्याने आजारपणात, टपालाने धडे मागवून मिळवली होती, तेव्हा त्याच्याविषयी अधिक वाचल्यावाचून राहवले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी असलेला संबंध आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तो ज्यांनी मोजून दाखवला त्यांतले एक प्रमुख नाव म्हणजे सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल.

८ जुलै १८९७ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ऑस्टिनचा जन्म झाला. घराणे मोठे विद्वानांचे. वडील लिओनार्ड हिल हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. आजोबा जॉर्ज बर्कबेक हिल यांचे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना कदाचित परिचित असेल. बॉस्वेलने लिहिलेल्या डॉ. जॉन्सनच्या चरित्राची सटीप आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली. आणि या आजोबांचे काका म्हणजे रोलंड हिल, ज्यांनी १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र पाठवण्याची सोय सुरू करवली. टपालाचा हा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

मुलाने वडिलांच्या मार्गाने वैद्यकाकडे वळावे असे ठरल्यासारखेच होते. पण शाळा संपते न संपते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले होते. १९१६ मध्ये ऑस्टिन नौदलाच्या हवाई दलात वैमानिक म्हणून दाखल झाला आणि एजियन समुद्राच्या बाजूला त्याची रवानगी झाली. तेथे शत्रूच्या गोळीने नव्हे, क्षयाने त्याला गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. घरी पाठवले ते जवळजवळ मरण्यासाठीच. पूर्ण अपंगत्वाचे पेन्शन मंजूर झाले. सरकारी हिशेबाने ते फार काळ द्यावे लागणार नव्हते. फुप्फुसात गळू झाले. छातीत हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवण्याचा, त्या काळी रूढ असलेला उपाय झाला. विशीतला मुलगा, सोबतीचे कितीतरी तरुण युद्धात गेलेले, आणि हा महिनोन्‌महिने छताकडे पाहत पडलेला.

तो मेला नाही. पण वैद्यकाचे शिक्षण, म्हणजे शवविच्छेदन, रात्रपाळ्या, वॉर्डातली धावपळ, आता या देहाला झेपणारे नव्हते. अशा वेळी मेजर ग्रीनवुड यांनी मार्ग सुचवला. (मेजर हे त्यांचे नाव होते, लष्करी हुद्दा नव्हे. वाचताना माझा बराच वेळ गोंधळ झाला.) ग्रीनवुड डॉक्टर होते, लिओनार्ड हिल यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते, आणि कार्ल पिअर्सन यांच्यापाशी संख्याशास्त्र शिकून ते वैद्यकातील आकडेवारीकडे वळले होते. लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून घरी राहून घेता येते, ती घे, असा त्यांचा सल्ला. ऑस्टिनने १९२२ मध्ये ती मिळवली. अर्थशास्त्राची त्याला विशेष ओढ होती असे दिसत नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या करता येण्याजोगे ते एक काम होते, इतकेच. आपल्यापैकी कितीजणांनी विषय निवडताना याहून थोर विचार केला असेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

पदवी मिळाल्यावर ग्रीनवुड यांच्याच प्रयत्नाने मेडिकल रिसर्च कौन्सिलचे अनुदान मिळाले आणि एसेक्स परगण्यातील खेड्यांत तरुण माणसे अधिक का मरतात याचा शोध घेण्याचे काम हिल यांच्याकडे आले. गावातून शहराकडे कोण जाते, मागे कोण राहते आणि या जाण्याराहण्याचा मृत्यूच्या प्रमाणावर काय परिणाम होतो, हा त्या अभ्यासाचा विषय झाला. कोकणातल्या वाचकाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. तरुण मुंबईला गेले की गावात जे उरतात त्यांचेच आकडे गावाच्या नावावर चढतात. पुढे कापड गिरण्यांतील कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. किती जण मेले एवढे कळून भागत नाही. कितींपैकी मेले आणि ते कोण होते, हे विचारावे लागते. पुढल्या त्यांच्या साऱ्या कामाची जडणघडण या वर्षांत झाली. लंडनच्या आरोग्यशास्त्र विद्यालयात ग्रीनवुड प्राध्यापक झाले तेव्हा हिल त्यांच्याबरोबर गेले आणि १९४५ मध्ये त्यांच्याच जागी वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९३७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी डॉक्टरांसाठी संख्याशास्त्रावर लेखमाला लिहिली. डॉक्टर मंडळी गणिताला बिचकतात हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवली आणि बिचकवणारे काही शब्द तर गाळूनच टाकले. या लेखांचे पुस्तक झाले, त्याच्या कित्येक आवृत्त्या निघाल्या. वैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या पुस्तकावरून शिकले तो स्वतः वैद्यकाच्या वर्गात कधी बसला नव्हता.

महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले. इंग्लंडकडे ते फार थोडे होते. सर्वांना देणे शक्यच नव्हते. मग कोणाला द्यायचे? डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर तो बरे होण्याजोगे रोगी निवडणार आणि औषधाचे नाव विनाकारण मोठे होणार. हिल यांनी निवड माणसाच्या हातातून काढून घेतली. यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून चिठ्ठ्या तयार करून त्या बंद पाकिटांत ठेवल्या. पाकीट उघडल्यावरच रोग्याचा गट कळे. ५५ रोग्यांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. १९४८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीस वर्षांपूर्वी याच रोगाने ज्याला मरायला घरी पाठवले होते, त्यानेच त्यावरच्या औषधाची कसोटी आखून दिली होती.

आता मुख्य विषयाकडे येतो. इंग्लंडात मृत्यूची नोंद आणि तिच्याबरोबर मृत्यूचे कारण, हे सरकारदरबारी शंभराहून अधिक वर्षे गोळा होत आले होते. ही रुक्ष दप्तरे बोलू लागली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली ९,२८७. पंचवीस वर्षांत पंधरापट! काहींचे म्हणणे, क्ष-किरणांमुळे रोग आता ओळखू येतो, वाढला असे नाही. काहींचा संशय मोटारींच्या धुरावर, काहींचा डांबरी रस्त्यांवर, गिरण्यांच्या धुराड्यांवर. सिगारेटचेही नाव निघे, पण ते अनेकांपैकी एक. बहुतेक सारे पुरुष सिगारेट किंवा पाइप ओढणारे, युद्धात सैनिकांना ती शिध्याबरोबर मिळालेली. जी गोष्ट सगळेच करतात ती रोगाचे कारण म्हणून डोळ्यांत भरत नाही. जर्मनीत युद्धाआधी आणि युद्धकाळात या दिशेने काही अभ्यास झाले होते, पण त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मेडिकल रिसर्च कौन्सिलने हे काम हिल यांच्याकडे सोपवले. मदतीला रिचर्ड डॉल नावाचे तरुण डॉक्टर आले. डॉल यांचा स्वतःचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता आणि ते स्वतः सिगारेट ओढत.

पद्धत ऐकायला साधी आहे. लंडनच्या वीस रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांना गाठायचे; प्रत्येकाच्या जोडीला त्याच रुग्णालयातला, त्याच वयोगटाचा, पुरुष असेल तर पुरुष आणि स्त्री असेल तर स्त्री, पण दुसऱ्या रोगाचा रोगी घ्यायचा; आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारायचे. कोठे राहिलात, काय काम केले, घरात शेगडी कसली, तंबाखू किती आणि केव्हापासून. पहिला शोधनिबंध ३० सप्टेंबर १९५० रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ निघाले. तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. आता कोणी म्हणेल, दोन काय आणि सत्तावीस काय, बाकीचे सगळे ओढणारेच की! मलाही पहिल्यांदा असेच वाटले. पण म्हणूनच त्यांनी नुसते ओढतो की नाही यावर न थांबता किती ओढतो ते विचारले होते. दिवसाला २५ किंवा अधिक सिगारेटी ओढणारे कर्करोगी पुरुषांत शंभरांत २६ होते, इतर रोग्यांत साडेतेरा. मात्रा वाढली की धोका वाढतो, ही गोष्ट केवळ योगायोगाने जुळून येणे कठीण.

या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंना समोरच्याला कर्करोग आहे हे ठाऊक असल्याने त्या नकळत तंबाखूविषयी खोदून विचारीत असतील, अशी शंका कोणीही घेतली असती. हिल आणि डॉल यांनी ती स्वतःच घेतली. काही रोगी असे होते की मुलाखतीच्या वेळी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे असा समज होता, पण पुढे तो रोग नाही असे निष्पन्न झाले. त्यांच्या उत्तरांचा हिशेब वेगळा काढला, तर तो कर्करोग्यांसारखा न येता इतर रोग्यांसारखा आला. प्रश्न विचारण्यात खोट असती तर असे झाले नसते. डॉक्टरांच्या चुकलेल्या निदानाचासुद्धा पुरावा करून घेणारी ही बुद्धी होती. डॉल यांनी तर हे काम चालू असतानाच सिगारेट सोडली.

त्याच वर्षी, काही महिने आधी, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांचा असाच निष्कर्ष छापून आला होता. तरीही फार कोणी हलले नाही. सरकारला तंबाखूवरच्या करातून मोठे उत्पन्न होते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

रोग झाल्यावर मागे वळून विचारले तर आठवणीचा घोटाळा होऊ शकतो. तेव्हा निरोगी माणसांना आधी विचारून ठेवावे आणि मग कोण कशाने मरते ते पाहत राहावे, असे हिल यांनी ठरवले. पण विचारायचे कोणाला? इथे त्यांना जे सुचले त्याला तोड नाही. त्यांनी डॉक्टरांनाच विचारले. डॉक्टर उत्तर नीट देईल, त्याच्या मृत्यूचे कारण नीट तपासले जाईल, आणि व्यवसाय करायचा तर त्याचे नाव-पत्ता सरकारी नोंदवहीत असणारच. म्हणजे तो हरवणार नाही. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर देशातील सुमारे ५९,६०० डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली टपालाने गेली. प्रश्न अगदी थोडे : आता ओढता का, पूर्वी ओढत होता का, की कधीच नाही, किती, आणि सिगारेट की पाइप. चाळीस हजारांवर उत्तरे आली. रोलंड काकांच्या टपालाने पणतवंडांच्या पिढीत असे काम केले.

मग वाट पाहणे आले. डॉक्टर मेला की नोंदणी कार्यालयाकडून त्याची माहिती येई. १९५४ पर्यंत, म्हणजे एकोणतीस महिन्यांत, पस्तिशीच्या पुढच्या २४,३८९ पुरुष डॉक्टरांपैकी ७८९ वारले. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने ३६. या छत्तीसांत कधीच धूम्रपान न केलेला एकही नव्हता, आणि जो गट अधिक ओढणारा त्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक. त्याच वर्षी फेब्रुवारीत आरोग्यमंत्री आयन मॅक्लिऑड यांनी धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध असल्याचे पत्रकारांपुढे मान्य केले. मान्य करताना ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढत होते.

विरोध झाला तो केवळ कारखानदारांकडून नव्हे. संख्याशास्त्रातले सर्वांत मोठे नाव आर. ए. फिशर, ज्यांच्या यदृच्छ निवडीच्या कल्पनेवर हिल यांची स्ट्रेप्टोमायसिनची कसोटी उभी होती, तेच विरोधात गेले. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही झाले. पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कदाचित काही माणसांच्या जन्मजात घडणीतच सिगारेटची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही असतील. वर्गात सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक आम्हांला शिकवतात तो हाच. याचे उत्तर हळूहळू आकड्यांतूनच आले. ज्या डॉक्टरांनी सिगारेट सोडली त्यांचा धोका वर्षे जातील तसा उतरत गेला, हे १९६४ च्या दहा वर्षांच्या अहवालात दिसले. जन्मजात घडण तर सिगारेट टाकल्याने बदलत नाही.

१९६१ मध्ये हिल निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १४ जानेवारी १९६५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी एक व्याख्यान दिले. संबंध दिसला, आता ते कारण म्हणावे की नाही? यासाठी त्यांनी नऊ बाजूंनी पाहावे असे सुचवले. संबंध किती जोरदार आहे, निरनिराळ्या ठिकाणी तो सापडतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर असे आहे का, मात्रेबरोबर परिणाम वाढतो का, कारण काढून घेतल्यावर परिणाम कमी होतो का, अशा त्या बाजू. यांतली एकही अखेरचा पुरावा नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले होते. तरी आज पाठ्यपुस्तकांतून त्या नियमांसारख्या पाठ करून घेतल्या जातात याची गंमत वाटते. मात्र पुरावा अपुरा आहे म्हणून हाताशी असलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवायची मोकळीक मिळत नाही, हेही त्यांनी त्याच व्याख्यानात सांगितले. माझ्या मते नऊ मुद्द्यांपेक्षा हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही विचारसरणी फार उशिरा पोचली असे कोणी समजू नये. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध याच पद्धतीने तपासून १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच प्रसिद्ध केला होता. पुढे १९६३ पासून मुंबई शहरातील कर्करोगाच्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवण्याचे कामही सुरू झाले.

येथे घरची एक गोष्ट सांगतो. माझे आजोबा बिडी ओढत आणि ऐंशी वर्षे जगले. वडीलही ओढतात, आणि विषय निघाला की आजोबांचे उदाहरण पुढे करतात. गावोगावच्या पारावर हाच युक्तिवाद चालतो, आणि तो ऐकला की मला हिल आठवतात. एक आजोबा जगले हे खरे. पण त्यांच्या वयाचे, त्यांच्याबरोबर बिडी पेटवणारे कितीजण होते आणि त्यांतले किती ऐंशीपर्यंत आले, हे पारावर कोणी सांगत नाही, कारण जे गेले ते पारावर बसायला येत नाहीत.

ब्रॅडफर्ड हिल १८ एप्रिल १९९१ रोजी कंब्रियामध्ये वारले. वय ९३. विशीत ज्याचे मरण गृहीत धरून पेन्शन मंजूर झाले होते, त्याने ते सत्तरहून अधिक वर्षे घेतले. डॉक्टरांवरचा अभ्यास त्यांच्यामागे डॉल आणि सहकाऱ्यांनी चालू ठेवला. शेवटची प्रश्नावली २००१ मध्ये गेली आणि पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये छापला गेला. आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले होते. साठीत सोडणाऱ्याला त्यांतली सुमारे तीन वर्षे परत मिळत, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा.

हे आकडे इंग्लंडच्या डॉक्टरांचे आणि सिगारेटचे आहेत, बिडीचे नव्हेत, हे मला ठाऊक आहे; वडील हाच आक्षेप घेतील हेही ठाऊक आहे. येत्या दिवाळीत त्यांना पन्नास पूर्ण होतील. अंक हाती आला की घरी नेणार आहे.